भागाबाईचा खांदा

भागाबाई मुकादमिणीच्या फोटोला परवा आमच्या अनसिंगात हार घातला. फोटो तिच्या नातवाने मोठा करून आणला होता. हा नातू येत्या निवडणुकीत उभा राहणार आहे, म्हणून त्याला आजी आठवली. इतकी वर्षं ती भिंतीवर नव्हती की तोंडात नव्हती. एका पाहुण्याने भाषण केलं. जिनातल्या बायांच्या हक्कासाठी या माउलीने आपला खांदा पुढे केला, असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, कारण तिच्या हाताखाली काम केलेली गावात मी एकटीच उरले आहे. दोन शब्द बोला म्हणाले. घसा बसलाय म्हणून मी हात हलवला. घसा चांगला होता. पण नातवाच्या मांडवात, त्याचाच चहा पिऊन, त्याच्या आजीचं खरं सांगणं बरं दिसलं नसतं. इथे सांगायला हरकत नाही.

तिने खांदा पुढे केला होता, हे खरं आहे. कशासाठी केला, ते मला माहीत आहे.

गोष्ट पन्नास सालानंतरची. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला तालुका होता. आमच्या गावाबाहेर एका शेटचं जिन होतं, म्हणजे कापसाचा कारखाना. आता तिथे पेट्रोल पंप आहे. दिवाळी झाली की जिनाचं इंजिन सुरू व्हायचं ते होळीपर्यंत धडधडत राहायचं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला रेचा म्हणतात. असे रेचे एका ओळीत उभे आणि एकेका रेच्याशी एकेक बाई. मागे कापसाचा ढीग, पुढे रेच्याची पेटी. वाकायचं, कवळभर कापूस घ्यायचा, वर उचलायचा आणि पेटीत सारत राहायचा. रेचे उंच बसवलेले होते, कारण खालून सरकी निघायला वाट पाहिजे. बसवणाऱ्याने सरकीची सोय पाहिली, बायांची पाहिली नाही. दिवसभर हात खांद्याच्या वर. दुपार होईतो मानेपासून खांद्यापर्यंतचं मांस लाकडासारखं व्हायचं. संध्याकाळी घरी गेल्यावर कितीतरी जणींना स्वतःच्या वेणीला हात पुरत नसे. आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो, तेही रविवारीच.

आमच्यावर मुकादम म्हणून शेटने भागाबाईला ठेवलं होतं. बायांवर बाईच बरी, कारण तिला दया येत नाही, हे शेटला पुरतं कळलेलं होतं.

उंच, वाळकी बाई. मान अशी ताठ, की डोक्यावर घागर नसली तरी आहे असं वाटावं. माघारी आम्ही तिला खांब म्हणायचो. समोर भागामावशी. रोज सकाळी जिनाच्या फाटकात उभी राहून ती बाया निवडायची. तोंडाने बोलायची नाही. नुसती हनुवटी हलवायची. हनुवटी आत वळली की कामावर जायचं, बाहेर वळली की घरी. आदल्या दिवशी जिने मानेला हात लावलेला तिला दिसला असेल, तिच्यासाठी हनुवटी बाहेर वळायची.

मानेला हात लावणं हा तिच्या राज्यात गुन्हा होता. पदराच्या ओच्यात ती मूठभर सरकी ठेवायची आणि ओळीच्या मागून फिरायची. कोणी मान वळवली, खांदा चोळला, हात खाली सोडून दम घेतला, की टचकन सरकी पाठीत बसायची. नेम चांगला होता. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. बारीक दाणा, लागायचा काही नाही, पण सगळ्यांसमोर लागायचा.

तिचं एक ठरलेलं बोलणं होतं. "थकवा म्हंजे मायनं केलेले लाड. ज्याचे लाड झाले नाई, तो थकत नाई." हे ती अशा तोऱ्यात म्हणायची की जणू तिच्या आईने तिला जन्मल्याबरोबर रेच्यावर उभं केलं होतं. स्वतःबद्दल सांगताना तिला धरबंध नसायचा. आपल्याला जन्मात ताप आला नाही, असं सांगायची. तंबाखू खात नाही, असंही सांगायची, आणि सांगताना गाल फुगलेला असायचा. मुलगा झाला तेव्हा सकाळी बाळंत होऊन संध्याकाळी रेच्यावर हजर झाले, ही गोष्ट तर प्रत्येक नव्या बाईला ऐकावी लागे. तिची सून शांता विहिरीवर आमच्यात मोकळं बोलायची. तिने आपल्या आजेसासूकडून ऐकलं होतं, की भागाबाई बाळंतपणात सव्वा महिना बाजेवरून उतरली नव्हती आणि डिंकाचे लाडू कमी पडले म्हणून रुसून बसली होती.

शांताने आणखी एक गोष्ट सांगितली होती. रोज संध्याकाळी सासूबाई दार लावून पालथ्या पडतात आणि शांताला सरकी तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून, त्यांच्या खांद्याला शेक द्यावा लागतो. शेक देताना त्या उशीत तोंड खुपसतात. बाहेर कोणाला सांगितलंस तर माहेरी धाडीन, अशी तंबी दिली होती. आम्ही कोणाला सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. दिवसभर आमच्या पाठीत बसणारी सरकी संध्याकाळी तिच्या खांद्यावर ठेवली जाते, एवढं कळून आम्हाला जरा बरं वाटायचं, इतकंच.

भागाबाईने आमच्या हातचा कापूस कधी चोरला नाही. शेटकडे कोणाची चहाडी केली तर ती खरीच असायची, खोटी नसायची. तिच्या बाजूने सांगण्यासारखं मला एवढंच आठवतं. नातवाने मागितलं असतं तर एवढं त्याला भाषणासाठी दिलं असतं.

माझ्या शेजारच्या रेच्यावर कौसा होती. कौसाचा नवरा दम्याने घरी बसलेला आणि पदरी लेकरं. एका हंगामात तिचा उजवा हात हळूहळू वर जाईनासा झाला. ती डाव्या हाताने कापूस उचलायची, उजव्याने जमेल तेवढा रेटायची. मान एका बाजूला कलायची. भागाबाईने चार दिवस पाहिलं आणि ठरवलं की ही नाटक करते. मग एका दुपारी, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, ती ओरडली की कौसाचं पोरगं इंजिनाच्या पट्ट्यात आलं. कौसाने कापूस टाकला आणि धावत सुटली. आम्ही सगळ्या मागे. पोरगं गेटाबाहेर चिंचेखाली बसून चिंचोके खेळत होतं. त्याला काही झालेलं नव्हतं. कौसाने त्याला उचलायला हात पुढे केले, आणि एकच हात पुढे गेला. उजवा तसाच लोंबत राहिला. ती पोराला एका हाताने छातीशी धरून तिथेच मटकन बसली.

भागाबाई मागून सावकाश चालत आली. लाज वाटली असेल म्हणता? ती आम्हाला म्हणाली, "पाह्यलं? पोरासाठीबी हात उचलला नाई तिनं. नाटक पक्कं हाय हिचं."

असं डोकं होतं. हात उचलला असता तरी नाटक ठरलं असतं, नाही उचलला तरी नाटकच.

त्याच हंगामात कारखाने तपासणारा एक साहेब जिनात आला. शेट पुढे, भागाबाई मागे, साहेब मधे. साहेबाने सहज विचारावं तसं विचारलं की काही तक्रार आहे का. असं विचारतात तेव्हा नाही म्हणायचं असतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कौसाने रेचा सोडला नाही, तोंडही वळवलं नाही, पण मोठ्याने बोलली. "साहेब, पेटी खाली करा, नाई तं आमाले वर करा. पायाखाली फळी द्या. आन दुपारी घटकाभर हात खाली सोडू द्या."

शेट हसला. तो बोलायला कापसासारखा मऊ होता. म्हणाला, बाया आहेत, कुरकुरतात, आमची मुकादम स्वतः बाई आहे, तिला विचारा. भागाबाई म्हणाली, या कामात थकण्यासारखं काहीच नाही. साहेब जरा विचारात पडला. मग त्याने सांगितलं, की नागपूरचा एक डॉक्टर गावोगाव फिरून कामगारांचा थकवा मोजतो आहे. माणसाच्या मांसात वीज असते आणि काम करताना ती बदलते, ती त्याच्या यंत्राला कळते. त्यालाच इकडे पाठवतो. यंत्र काय ते सांगेल.

शेटला यंत्राचा भरवसा होता, कारण त्याची सगळी यंत्रं त्याच्याच बाजूची होती. तो सगळ्यांसमोर बोलून गेला. बाया थकतात असं यंत्राने सांगितलं, तर फळ्याही देतो आणि सुटीही देतो. नाही सांगितलं, तर ज्यांना दुखतं त्यांनी उद्यापासून घरी बसून दुखवावं. हे बोलताना तो कौसाकडे पाहत होता. घरी बसायचं म्हणजे काय, ते कौसालाही कळलं आणि आम्हालाही.

त्या आठवड्यात गावात दुसरं बोलणं नव्हतं. अनसिंगात तेव्हा विजेचा एक दिवा नव्हता, आणि आमच्या अंगात वीज आहे असं सरकारचा माणूस सांगून गेला होता. कोणी म्हणालं, ते यंत्र वीज ओढून घेतं आणि मग माणूस पिवळा पडतो. कोणी म्हणालं, अंगावरचं दूध आटतं. पारूबाई म्हातारी म्हणाली, माझ्यात असती तर मी आधी घरात दिवा लावला असता.

डॉक्टर जीपमधून आला. लहानखुरा माणूस, चष्म्यावर सारखी रुई बसायची आणि तो सारखी पुसायचा. बरोबर एक नर्सबाई होती. रेडिओसारखी मोठी पेटी, तिला बॅटऱ्या, तिला एक कर्णा, आणि तारांच्या टोकाला चांदीच्या चकत्या. हे सगळं त्याने रुईच्या गोदामात मांडलं. चकत्या खांद्याच्या मांसावर चिकटवायच्या, हातात सरकीची लहान थैली द्यायची, हात सरळ खांद्याइतका वर धरायला लावायचा आणि कर्ण्यातून आवाज ऐकायचा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी तीच थैली. एवढीच तपासणी.

डॉक्टरने विचारलं, साहेबाशी बोललेली बाई कोण. कौसा पुढे झाली. तेवढ्यात भागाबाई मधे येऊन उभी राहिली.

"तिच्या खांद्याले काय इचारता डाक्टरसाहेब? तो तं रोजच रडते. माह्या खांद्याले इचारा. माहा खांदा सांगन ते सगळ्यायचं."

शेटने ताबडतोब मंजूर म्हटलं. कौसाने डॉक्टरकडे पाहिलं. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं असावं. त्याने भागाबाईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शेटला विचारलं, जिनातली सगळ्यात दणकट बाई हीच का. शेट म्हणाला, हिच्यासारखी दुसरी नाही. डॉक्टर म्हणाला, मग उत्तमच. फक्त आज दिवसभर तिने इतरांसारखा रेचा चालवायचा, मधे फिरायचं नाही.

भागाबाईने कितीतरी हंगामांत रेच्याला हात लावला नव्हता. पण शेट समोर उभा होता. तिने पदर खोचला आणि म्हणाली, चालवते, त्यात काय.

असा तिने खांदा पुढे केला. टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. बाया थकत नाहीत, कौसा खोटी आहे, हे दाखवायला केला.

सकाळची तपासणी फसलीच. डॉक्टर येणार म्हणून आम्ही सगळ्या न्हाऊन, तेल लावून आलो होतो. परक्या माणसासमोर, त्यातून डॉक्टरसमोर, कोरड्या अंगाने कसं जायचं. भागाबाईने तर मान, खांदे, पाठ करडईच्या तेलाने अशी चोपडली होती की चकती लावली की घसरायची. नर्सबाई पडद्याआड लावायची, चकती खाली यायची. कर्णा गप्प. भागाबाई पडद्याआडून म्हणाली, "भ्याली तुमची पेटी." मग नर्सबाईने साबण लावून, वरून स्पिरिट चोळून, तिचा खांदा लाल होईस्तोवर घासला. तेलाचं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर म्हणाला. आम्हाला काय माहीत, यंत्राला तेल चालत नाही. जिनातल्या सगळ्या यंत्रांना तर तेलच लागतं.

शेवटी चकत्या बसल्या. पडदा बाजूला झाला. भागाबाईने थैली धरून हात वर केला आणि कर्ण्यातून बारीक तडतड आली. दूर कुठल्या घरात कोणी ज्वारीच्या लाह्या भाजतंय, अशी. आम्ही दारात गर्दी केली होती. बाईच्या आतला आवाज बाहेर येतो, हे पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरने घड्याळात पाहिलं आणि विचारलं, "दुखतं का?"

"नाई."

मग ती रेच्यावर आली. माझ्या एका बाजूला कौसा, दुसऱ्या बाजूला ती. पहिल्यांदा तिने जोरात हात चालवला. आमच्यापेक्षा भराभर पेटी भरत होती आणि मधून मधून आमच्याकडे पाहत होती. थोड्या वेळाने पाहणं बंद झालं. मग भराभर बंद झालं. ओठ मिटून गेले. मानेच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या. मला वाटलं, आता ही मानेला हात लावणार. तिने लावला नाही. आमच्या पाठीत इतकी सरकी मारल्यावर आता स्वतः कसा लावणार? दुपारी डॉक्टरने पुन्हा थैली धरायला लावली. आता लाह्या आमच्याच चुलीवर फुटत होत्या. त्याने विचारलं, दुखतं का. ती नाही म्हणाली. तो म्हणाला, हवं तर बसा, आजचं इथेच थांबवू. शेट तिथे नसता तर ती बसली असती, अशी माझी खात्री आहे. पण शेट रुईच्या गाठीला टेकून उभा होता. ती परत रेच्यावर गेली.

संध्याकाळी इंजिन थांबलं. इंजिन थांबल्यावर कानात जी पोकळी होते, तिच्यात आम्ही सगळ्या गोदामात शिरलो. शेट होता, साहेबही अकोल्याहून आला होता. भागाबाईने तीच थैली धरून हात वर केला.

कर्ण्यातून टिनावर गारा पडाव्यात तसा आवाज सुटला. जाडा, घोगरा, थांबायचं नाव नाही. पेटीवरचा काटा पलीकडच्या टोकाला जाऊन थरथरत होता.

शेटचं तोंड उजळलं. "वा भागाबाई, क्या बात है," तो म्हणाला. भागाबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. हात तसाच वर धरून ती आमच्याकडे वळली.

"ऐका वं पोट्ट्याहो. याले म्हनतात खांदा. सकाळपासून जोर वाढूनच राह्यला."

आम्हालाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार? थकलेलं माणूस हळू बोलतं, थकलेला बैल हळू चालतो. थकलेल्या खांद्याचा आवाजही बारीक व्हायला पाहिजे. तो तर गर्जत होता. मी कौसाकडे पाहिलं. तिने भाकरीचं फडकं कोपऱ्यातून उचललं, डाव्या हाताने आणि दातांनी त्याची गाठ मारली आणि दाराकडे निघाली. ती रडत नव्हती. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, ते ती मनात जुळवत असावी.

डॉक्टर चष्मा पुसत होता. तो तिला म्हणाला, "बाई, थांबा. कुठे चाललात?" मग शेटकडे वळून त्याने सांगितलं, तेही असं की रोजचीच गोष्ट असावी. खांद्याच्या मांसात बारीक बारीक धागे असतात. ताज्या खांद्याला एवढीशी थैली धरायला थोडे धागे पुरतात, म्हणून सकाळी आवाज कमी. ते धागे थकले की तीच थैली धरायला आणखी धागे लागतात, मग आणखी लागतात. शेवटी सगळे कामाला लागतात, म्हणून एवढा गलबला. आवाज मोठा झाला आणि जाडा झाला, म्हणजे खांदा थकला. या बाईचा तर दुपारच्या आधीच थकला होता. त्यानंतर ती नुसत्या हट्टावर चालवत होती.

शेट म्हणाला, "मतलब?"

"मतलब, तुमची सगळ्यात दणकट बाई अर्ध्या दिवसात थकते. बाकीच्यांचं मोजायची गरज नाही."

कर्णा चालूच होता, कारण भागाबाईचा हात अजून वर होता. हात खाली घे असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर तिच्याकडे वळला आणि जरा नरमाईने त्याने विचारलं, "दुखतं का?"

"नाई," भागाबाई म्हणाली. कर्णा तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होता.

पहिल्यांदा पारूबाई हसली. मग आम्ही सगळ्या. इतकी वर्षं गिळलेलं हसू होतं ते, आवरणार कसं? साहेबही खाली पाहून हसला. एक कौसा हसली नाही. ती दारातून परत आली, भागाबाईच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "भागामावशी, हात खाली घ्या."

"तुह्यानं होत नाई म्हनून मलेबी घ्यायले लावून राह्यली काय?"

तेव्हा डॉक्टरने स्वतः तिच्या हातातून थैली काढून घेतली. हात आपोआप खाली आला आणि कर्णा गप्प झाला.

शेटने शब्द पाळला. साहेब समोर नसता तर पाळला नसता. फळ्या आल्या त्या आंब्याच्या, वाकड्यातिकड्या, माझी तर एका बाजूने डुगडुगायची. पण त्यांच्यावर उभं राहिलं की पेटी छातीशी यायची. दुपारी अर्ध्या जणी हात खाली सोडून बसायच्या, मग उरलेल्या. कौसा कामावर राहिली. तिचा उजवा हात पुन्हा वेणीपर्यंत कधी गेला नाही, पण फळीवरून छातीइतका जायचा, आणि तेवढ्यावर तिने लेकरं वाढवली.

शेटचा सगळा राग भागाबाईवर निघाला. तिनेच खांदा पुढे केला नसता तर कौसाला रडकी ठरवून मोकळं होता आलं असतं. पुढच्या हंगामात त्याने बाप्या माणूस मुकादम आणला. थकणारी मुकादम काय कामाची, असं तो म्हणाल्याचं ऐकलं. भागाबाईने गावात सांगितलं की मीच सोडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिची नवी गोष्ट तयार झाली. "मले सगळं माहीत होतं वं. म्हनून तं पुढे झाली. पोट्ट्यायची दया आली." हे ती प्रथम विहिरीवर म्हणाली, मग बाजारात, मग लग्नाच्या पंगतीत. ज्या गोदामात होत्या, त्या ऐकून तोंड फिरवायच्या. ज्या नव्हत्या, त्यांनी खरं मानलं. नव्हत्या अशाच पुढे जास्त होत गेल्या. असं करत करत ते भाषणापर्यंत आलं.

लोक मला म्हणतात, कसंही का होईना, तिच्यामुळे फळ्या मिळाल्या ना? मी म्हणते, तिच्यामुळे नाही. ती शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणत होती. फळ्या तिच्या खांद्याने मिळवून दिल्या, आणि त्याने तिला विचारलं नव्हतं.

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी घरोघर अक्षता घेऊन फिरताना तिला शेवटचं पाहिलं. ती ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. मान पुढे झुकलेली, खांदे कानाशी आलेले. शांता आत भाकऱ्या थापत होती. मी अक्षता दिल्या, लग्नाचा दिवस सांगितला. तिने मुलगा काय करतो ते विचारलं आणि हल्लीच्या पोरींना काम नको, असं म्हणाली. तेवढ्यात तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, काठी टेकत गल्लीतून येताना दिसले. तिचा पदर डोक्यावरून घसरला होता. भासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने बसायची तिची पद्धत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"पदर घे वं माह्या डोस्क्यावर," ती म्हणाली. "माहे हात गुंतले हाईत."

तिचे दोन्ही हात मांडीवर पडले होते. त्यांत काही नव्हतं. मी पदर वर ओढून दिला आणि पुढच्या घराकडे निघाले.